जवळा बाजारची ब्राझील पार्टी

आमच्या हिंगोली जिल्ह्यात ब्राझील हा देश सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच आवडत नाही. तिकडं पाऊस चांगला झाला की इकडं सोयाबीनचा भाव पडतो, एवढीच त्याची ओळख. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात चहाच्या गाड्यावर बसलेला म्हातारा, ज्यानं परभणीच्या पुढं पाऊल टाकलेलं नाही, तोही बशीत फुंकर मारता मारता सांगतो, "ब्राझीलनं वाटोळं केलं." अशा मुलखात गेली काही वर्षं मी लग्नांमध्ये ब्राझीलचं संगीत वाजवतो आहे आणि अजून मला कुणी मारलेलं नाही. दिवाळी अंकासाठी लिहा असा आग्रह झाला तेव्हा मी म्हटलं, लिहिण्यासारखं माझ्याकडं एवढं एकच आहे.

मी शेख रशीद. क्लॅरोनेट वाजवतो. आमच्या बँडच्या पाटीवर 'सदाबहार ब्रास बँड, जवळा बाजार' असं लिहिलेलं आहे, पण औंढ्यापासून हिंगोलीपर्यंत लोक आम्हाला 'ब्राझील पार्टी' म्हणतात. कुणी कौतुकानं म्हणतात, कुणी चिडवायला म्हणतात. आम्ही दोन्हीकडं जातो.

ज्यांनी बँड फक्त वरातीत पाहिला आहे त्यांना आमच्या धंद्यातल्या दोन गोष्टी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. पहिली गोष्ट, मास्तरचा डावा हात. क्लॅरोनेट उजव्या अंगठ्यावर तोललं की डावा हात मोकळा होतो. तो वर गेला की सगळ्यांनी थांबायचं. ट्रम्पेट, ढोल, साइड ड्रम, सगळं एका ठोक्यात बंद. हे कशासाठी, तर नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची मिरवणूक, मारुतीच्या देवळाकडं निघतो तेव्हा वाटेत एखादं सुतकाचं घर लागतं. त्या घरावरून बँड वाजत जात नाही. हात वर जातो, घोडा, नवरदेव, करवल्या सगळे मुकाट्यानं चालतात, फक्त चपलांचा आवाज. घर मागं पडलं की हात खाली. कुणाच्या घरी काय झालं आहे हे गावात शिरण्याआधी विचारून घ्यायचं, हे मास्तरचं पहिलं काम. गाणी नंतर.

दुसरी गोष्ट, बिदाई. नवरी गाडीत बसते तेव्हाची धून. बँड चांगला की वाईट हे लोक तिथं ठरवतात. नवरीची आई रडली तर त्यात मास्तरचं काही कौतुक नाही, ती रडणारच असते. नवरदेवाकडचा एखादा ताठ माणूस रुमाल काढतो तेव्हा आपण जिंकलो. एकदा मी एका फौजदाराला रडवलं होतं. तो माझ्या आयुष्यातला मोठा दिवस आहे आणि मी तो सगळ्यांना सांगतो. बायको म्हणते, "उस बेचारे की आँख में कचरा गया होगा." असो.

या दोन्ही कामांत माझा जोडीदार म्हणजे किसन. साइड ड्रम वाजवणारा. घरची मेंढरं, थोडी जमीन, आणि लगीनसराईत गळ्यात ड्रम. लहानपणी मेंढरांमागं फिरताना तेलाचा रिकामा डबा वाजवायचा, तिथून मी त्याला उचलला. तीस वर्षं आम्ही एकमेकांकडं बघत वाजवलं. माझ्या भुवईवरून त्याला कळायचं की मी आता वर जाणार. आमच्या बायकांना आमच्या मनातलं इतकं कधी कळलं नाही.

मग डीजे आला. ट्रकभर भिंती उभ्या करून छाती हादरवणारा आवाज. आमच्या अठरा माणसांच्या बँडची सात माणसं उरली. लोक आम्हाला फक्त देवळापर्यंत बोलवायचे, तेही म्हाताऱ्यांची इच्छा म्हणून. मी क्लॅरोनेट पुसून पेटीत ठेवायचा आणि सोयाबीन काढायला जायचा विचार करत होतो, तेवढ्यात किसनची पोरगी सविता माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली. पोरगी हुशार, हिंगोलीला डिप्लोमा केलेला, औंढ्याला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. मला चाचा म्हणते. काखेत लॅपटॉप, हातात वाजवायचं एक चपटं पॅड, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता म्हाताऱ्यांचं भलं करूनच जायचं.

तिनं आधी फोनवर एक चित्रफीत दाखवली. ब्राझीलच्या रस्त्यावर शेकडो माणसं ढोल वाजवत चालली आहेत. लहान ढोल, थोरले ढोल, हातात धरायचे डफासारखे, आणि पुढं एक माणूस शिट्टी फुंकतो आहे. किसननं फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, "मेंढरं बिथरल्यावर असंच व्हतं. पण हे लोक घाबरून न्हाई राहिले, मजा करून राहिले."

"बाबा, हे तुमचंच काम हाय," सविता म्हणाली. "फकस्त जोर दुसऱ्या मात्रेवर."

हा जोराचा मामला समजावून सांगतो. आपला ढोल पहिल्या ठोक्यावर पाय आपटतो. तिकडचा थोरला ढोल दुसऱ्या ठोक्यावर वजन टाकतो. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती जरा उशिरा लागावी, तसं वाटतं. सविताचं म्हणणं असं, की खाली लॅपटॉपमधून डीजेसारखी धमक द्यायची, म्हणजे पोरं नाचतील. त्यावर ब्राझीलचा हा ताल. आणि त्यावर चाचानं क्लॅरोनेट मोकळं सोडायचं, जाझ वाजवायचं.

जाझ हा शब्द मी चाळीस वर्षांनी ऐकला. माझे उस्ताद जवानीत हैदराबादेत एका क्लबात साहेब लोकांपुढं हेच वाजवायचे. मला शिकवताना म्हणायचे, "गाण्यातून बाहेर पड, गावभर हिंड, मगर चिराग लगने के वक्त घर आजा." जाझ म्हणजे एवढंच. पण लग्नात हिंडू कोण देतो? लोकांना सिनेमातली चाल जशीच्या तशी पाहिजे असते. जरा बाहेर पडलं की नवरदेवाचा मेव्हणा येऊन विचारतो, "मास्तर, विसरले काय?" त्यामुळे उस्तादांनी दिलेली ही विद्या मी रियाजात, शेडच्या पत्र्याला ऐकवत होतो. सविता लहानपणी शेडबाहेर बकरी बांधायला यायची तेव्हा ऐकत होती, हे मला त्या दिवशी कळलं. मी फार खूश झालो. तिथंच माझं डोकं फिरलं आणि तिथंच माझी चूक झाली.

तिसऱ्या-चौथ्या तालमीची गोष्ट. सविताच्या लॅपटॉपला आम्ही मशीन म्हणायला लागलो होतो; ते सुरू, मी गावभर हिंडायला निघालेलो, ट्रम्पेटवाले रंगात, आणि किसन चढायला लागला. ड्रमवाला चढतो म्हणजे काय, तर देऊळ जवळ आलं, लोक नाचायला लागले की त्याचा हात आपोआप जलद होतो. तीस वर्षं तो चढत आला आणि आम्ही सगळे त्याच्याबरोबर चढत आलो. त्याला आम्ही चूक म्हणत नव्हतो, आनंद म्हणत होतो. पण मशीन काही चढत नाही. ते जिथं होतं तिथंच, एकसारखं. किसन पुढं आणि मशीन मागं, अशी ओढाताण सुरू झाली.

सवितानं बटण दाबलं. "बाबा, तुमी पळून राहिले."

"कोण पळून राहिलं?"

"तुमी. मशीन बराबर हाय. तुमी लय सोडून राहिले."

शेडमध्ये सात माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. किसननं ड्रमचा पट्टा मानेतून काढला, काड्या ड्रमवर आडव्या ठेवल्या. "तीस वर्षं नवरदेव माझ्या लयीत बोहल्यावर चढले," तो म्हणाला. "एकबी हुकला न्हाई." मग माझ्याकडं वळला. "मास्तर, तुमी सांगा. म्या लय सोडली?"

त्या वेळी मी बोलायला पाहिजे होतं. मशीनला लय असते, किसनला चाल असते, असं काही तरी. मला सुचलंही होतं. पण चाळीस वर्षांनी हिंडायला मिळालं होतं, आणि मशीन बंद पडेल या भीतीनं मी क्लॅरोनेटच्या तोंडाची वेताची पत्ती ओठांत ओली करत बसलो. किसन मेंढरांकडं निघून गेला. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

औंढ्याच्या गणपतला ड्रमवर घेतलं. पोरगा चांगला, मशीनला चिकटून वाजवायचा. पण तो वाजवताना माझ्याकडं बघायचा नाही, लॅपटॉपच्या पडद्याकडं बघायचा. माझ्या भुवया तशाच वर-खाली व्हायच्या, बघायला कुणी नव्हतं.

किसनच्या घरात तर निराळाच तमाशा. बाप-लेकीचं बोलणं बंद. किसन मेंढरांना सांगायचा आणि सवितानं ऐकायचं. "काय गं, आज कुठं चालली ब्राझील?" असं तो एका काळ्या मेंढीला विचारायचा. मेंढी काय बोलणार? सविता आईला सांगायची, "कळमनुरीला लग्न हाय म्हणावं. जेवण झाकून ठेव म्हणावं." मी चार वेळा समेट करायला गेलो. चारही वेळा किसननं चहा पाजला, पावसाची चौकशी केली आणि ड्रमचा विषय निघाला की मेंढरांचे खूर तपासायला उठला.

इकडं ब्राझील पार्टी मात्र चालली. पहिल्या काही लग्नांत लोकांना नाचताच येईना. पाय पहिल्या ठोक्यावर टाकायचे आणि दुसऱ्या ठोक्याला अडखळायचे. एका परण्यात सगळे असे ठेचकाळत चाललेले असताना नवऱ्याचे मामा, ज्यांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि जे एक पाय जरा उशिराच टाकत होते, ते एकदम तालात आले. चार पावलांत त्यांना कळलं की सगळी वरात आपल्याकडं बघते आहे. मग त्यांनी काठी भाच्याकडं दिली आणि असे नाचले की पोरं त्यांच्या मागं ओळीनं उभी राहून तसंच लंगडायला लागली. आमच्या भागात ब्राझीलचा नाच शिकवण्याचं श्रेय त्या गुडघ्याला आहे.

सांगण्यासारखं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे हिंगोलीचे एक अडत दुकानदार. नाव सांगत नाही, शेठ म्हणू. मुलाचं लग्न, नव्या पद्धतीचा बँड पाहिजे म्हणून आम्हाला बोलावलं. परण्याच्या आधी आम्ही मांडवाबाहेर जुळवाजुळव करत होतो. शेठ मान हलवत ऐकत होते. म्हणाले, "झकास. कुठलं हाय हे?"

सविता अभिमानानं म्हणाली, "ब्राझीलचं."

शेठची मान हलायची थांबली. "ब्राझील? सोयाबीनवालं?" त्यांनी आजूबाजूला बघितलं. मांडवात निम्मे लोक बाजार समितीतले. "बाई, माझ्या गोदामात माल भरून पडला हाय. आणि तुमी माझ्या दारात ब्राझील वाजवून राहिल्या? बंद करा ते."

सविता माझ्याकडं बघायला लागली. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकं सांभाळली आहेत, पण आंतरराष्ट्रीय बाजारभावावर बोलायची वेळ कधी आली नव्हती. मी क्लॅरोनेट काखेत धरलं. "शेठ, तुमी चित्रफीत बघितली न्हाई. तिकडं सगळा मुलूख रस्त्यावर येऊन नाचून राहिला. बाया, बाप्ये, म्हातारे. मला सांगा, हे लोक नाचून राहिले तर शेतात कोण हाय?"

शेठनं विचार केला. शेजारच्या दोन व्यापाऱ्यांनीही केला. "म्हणजे," शेठ हळूच म्हणाले, "जितकं नाचतील तितकं पेरणार न्हाईत."

"बराबर."

"मग दाबून वाजवा."

त्या दिवशी हिंगोलीच्या व्यापाऱ्यांनी अशा निष्ठेनं नाच केला की घोडा घाबरला. पुढच्या आठवड्यात भाव जरा सुधारला. त्यात आमचा काही हात नव्हता हे मला माहीत आहे, पण शेठनं मला फोन करून विचारलं, पुढचं लग्न कधी आहे. मी तारीख सांगितली.

इतकं सगळं छान चाललेलं असताना ते झालं जे बँडमध्ये कधी होता कामा नये. औंढ्याच्या बाजूचं एक छोटं गाव. मी रिवाजाप्रमाणं आधीच विचारून घेतलं होतं. देवळाच्या वाटेवर डाव्या हाताला एक घर, तिथला कर्ता माणूस आठ दिवसांपूर्वी गेलेला. मी सगळ्यांना सांगितलं. घर आलं, मी डावा हात वर केला. ट्रम्पेट थांबले, ढोल थांबला, गणपतसुद्धा थांबला. आणि मागं टेम्पोवर ठेवलेलं मशीन धडाम धूम, धडाम धूम करत राहिलं. वर ती ब्राझीलची शिट्टी.

सविता बटणं दाबत होती. पडदा कुलूप लागून बसला होता आणि पासवर्ड मागत होता. घाबरल्यामुळं तिची बोटं चुकीची अक्षरं दाबत होती. त्या घराच्या ओट्यावर दोन बायका बसल्या होत्या. त्या उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. शेवटी सवितानं स्पीकरची वायर ओढून काढली. आम्ही देवळापर्यंत तसेच गेलो. नवरदेवालासुद्धा पुढं वाजवा म्हणायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माफी मागायला त्या गावी गेलो. ओट्यावर एक माणूस आधीच बसलेला, टोपी गुडघ्यावर, समोर पाण्याचा तांब्या. किसन. पहिल्या एसटीनं आला होता. घरातल्या म्हातारीला सांगत होता, "माय, पोरगी माझी हाय. लेकरू हाय. तिला रिवाज ठाऊक न्हाई असं न्हाई. पण तिचं ध्यान त्या यंत्रात व्हतं. चूक माझी. म्या तिच्याजवळ असायला पायजे व्हतो."

म्हातारी म्हणाली, "होऊन गेलं बाबा. पाणी पी."

परत येताना आम्ही एसटीत शेजारी बसलो होतो. त्यानं दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाला, "मास्तर, तिला सांगू नका म्या आलतो म्हणून."

"काहून?"

"तिला वाटल, बाप चूक दाखवायला गेला."

मी शब्द दिला. पण क्लॅरोनेटवाल्याच्या पोटात हवा फार वेळ राहत नाही, आणि गोष्टही. ही मात्र मी वर्षभर ठेवली. त्याचं मला आता वाईट वाटतं, कारण ती लवकर सुटली असती तर बरं झालं असतं.

सवितानं त्या प्रसंगानंतर तीन दिवस लॅपटॉप उघडला नाही. चौथ्या दिवशी औंढ्याच्या एका टेलरकडून मोटारीवर चालणाऱ्या शिलाई मशीनचं मोडकं पेडल घेऊन आली. उलटं उघडलं, वायरी जोडल्या, आणि टेम्पोच्या मागच्या पायरीवर बसवलं. पाय ठेवला की मशीन तिथल्या तिथं मुकं, पुन्हा ठेवला की सुरू. "चाचा, माणसांसाठी तुमचा हात, मशीनसाठी तुमचा पाय," ती म्हणाली. तेव्हापासून मी पायी चालत वाजवायचं सोडून टेम्पोच्या पायरीवर उभा राहून वाजवतो. लोकांना वाटतं मास्तरची ऐट वाढली. माझ्या गुडघ्यांना विचारा.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा लातूरचा, विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान असलेला, शांत. पाहायला आला तेव्हा त्यानं मुलीऐवजी पेडलची जोडणी जास्त बारकाईनं पाहिली, म्हणून सवितानं होकार दिला असा माझा संशय आहे. ब्राझील पार्टीचं पुढं काय, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता. माझ्या मनात त्याच्याही आधी दुसराच होता. पोरगी घर सोडून चालली आणि बाप अजून मेंढीशीच बोलतो आहे, असं कसं चालेल?

हळदीच्या दिवशी मी तिला गाठलं. तोंडभर आपल्या वसमतची हळद, फक्त डोळे दिसत होते. ती कामाचंच बोलायला लागली. "चाचा, माझ्या बिदाईला ती रडकी धून न्हाई वाजवायची. म्या एक ताल भरून ठेवला हाय. तिकडचाच, पण सावकाश. त्याच्यावर तुमी मनासारखं हिंडा."

मी म्हटलं, "हिंडतो. पण आधी एक ऐक." आणि त्या ओट्याची, पाण्याच्या तांब्याची, पहिल्या एसटीची सगळी हकीकत सांगून टाकली.

हळद वाळत होती आणि तिच्या गालावर भेगा पडत होत्या. "इतके दिवस काहून न्हाई सांगितलं?"

"त्यानं सांगू नका म्हणलं व्हतं."

"तुमी कधीपासून त्यायचं ऐकून राहिले?" ती म्हणाली आणि आत निघून गेली. त्याचं ऐकायची वेळ होती तेव्हा मी पत्ती ओली करत बसलो होतो.

लग्न जवळा बाजारातच, शाळेच्या मैदानावर. दुपारी जेवणं झाली, चार वाजता गाडी फुलं लावून उभी राहिली. मी पायरीवर चढलो. मशीनमधून सविताचा ताल सुरू झाला. बाजारातून सामान घेऊन, काही घाई नसताना, माणूस घराकडं चालत येतो तसा ताल होता. वरून हसरा आणि आतून काही तरी वेगळं. मी क्लॅरोनेट लावलं आणि निघालो. पोरगी बकरी बांधायला यायची तिथून निघालो.

किसन गुलाबी फेटा बांधून गाडीच्या दारापाशी उभा होता. नवरीच्या बापानं जे करायचं असतं ते सगळं त्यानं केलं. व्याह्याच्या गळ्यात पडला, जावयाच्या हातात नारळ दिला. सविता त्याच्या पाया पडली, तेव्हा त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण बोलला काही नाही. मेंढी जवळ नव्हती. सविता गाडीत बसली. मग किसन वळला, सरळ गणपतकडं गेला आणि हात पुढं केला. गणपतनं काही न विचारता ड्रम काढून दिला. नव्या सदऱ्यावरून किसननं पट्टा गळ्यात घातला.

दोन वर्षांनी त्याच्या काड्या ड्रमवर पडल्या. आणि तो पळाला नाही. नजर लॅपटॉपवर, ओठ मोजत होते, दुसऱ्या मात्रेवर बरोबर वजन. ज्या मशीनमुळं बँड सोडून मेंढरांत बसला होता त्याच्या मागं तो शाळेतल्या मुलासारखा रांगेत चालत होता. लेकीनं सांगितलं होतं लय सोडू नका, तर सोडत नव्हता. मला भरून आलं. क्लॅरोनेटवाल्यानं रडायचं नसतं, ओठ ढिले पडतात. माझं क्लॅरोनेट दोनदा किंचाळलं. लातूरकडच्या लोकांनी माना डोलावल्या, त्यांना वाटलं जाझ आहे.

गाडी सुरू झाली आणि हलली. तेव्हा किसनचा हात मागं पडायला लागला. आयुष्यभर चढत आलेला माणूस पहिल्यांदा रेंगाळत होता. मशीन पुढं, किसन मागं. प्रत्येक ठोक्याला अंतर वाढत होतं. ट्रम्पेटवाले माझ्याकडं बघायला लागले, कुणाबरोबर जायचं? किसन घाबरून मशीनकडं बघत होता, मोजत होता, पकडायला जात होता आणि पुन्हा मागं राहत होता.

गाडी थांबली. दार उघडलं आणि सविता उतरली. शालूचा घोळ एका हातात धरून तरातरा टेम्पोपाशी आली. मी काही बोलायच्या आत तिनं पाय पायरीवर ठेवला. मेंदी, नवी जोडवी, आणि खाली टेलरचं पेडल. मशीन बंद झालं.

"बाबा," ती म्हणाली, दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ त्याला. "आता तुमची लय. पळा किती पळायचं ते."

किसननं लॅपटॉपवरची नजर काढली आणि माझ्याकडं बघितलं. मी भुवई वर केली. त्यानं काड्या उचलल्या.

पण तो पळाला नाही. तोच ताल, तेच वजन, आणि इतकं सावकाश की लातूरच्या ड्रायव्हरला गाडी पहिल्या गिअरमध्येसुद्धा धरवेना. सविता परत गाडीत बसली, काच खाली करून मागं वळून बघत राहिली. शाळेपासून मोठ्या रस्त्यापर्यंत दहा मिनिटांची वाट आहे. आम्हाला पाऊण तास लागला. लातूरचे लोक घड्याळं दाखवत होते, व्याही मला हातानं खुणा करत होते, थांबवा म्हणून. मी दोन्ही हात क्लॅरोनेटवरच ठेवले.

सविता आता लातूरहून फोनवर ताल पाठवते. किसन बँडमध्ये परत आला आहे, एका अटीवर. पेडल टेम्पोच्या पायरीवरून काढून, तो चालतो त्या बाजूला, टेम्पोच्या कडेला खाली बसवलं आहे. चालता चालता त्याला वाटेल तेव्हा तो पायानं मशीन बंद करतो आणि आपल्या चालीनं वाजवतो. कधी आणि का बंद केलं, हे मी विचारत नाही.